उतार, स्प्लिटर आणि दोन फळ्या

परवा सकाळी एका मुलीला हाफ क्लच शिकवत होते. सड्यावरचा रस्ता, दोन्ही बाजूंना आंब्याची कलमं, काचा खाली. ती गाडी बंद पाडत होती आणि मी "पुन्हा" म्हणत होते. तेवढ्यात तो वास आला. मोहोराचा. आंबूस, गोड आणि किंचित तुरट, नाकात शिरला की घशापर्यंत जाणारा.

"मॅडम, चुकलं का काही?" तिने विचारलं. माझा हात डॅशबोर्डवर घट्ट बसला होता.

"नाही. चालू कर गाडी."

मोहोराचे दिवस आमच्या रत्नागिरीत अस्वस्थ असतात. पर्यटकांना तो सुगंध वगैरे वाटतो. इथल्या माणसाचं अर्धं लक्ष वर असतं. ढग आले का, थंडी टिकली का, तुडतुडा पडला का. बँकेत, दवाखान्यात, मासळीच्या रांगेत एकच चौकशी: मोहोर धरला का? माझ्या मालकीचं एकही कलम नाही. मी ड्रायव्हिंग क्लास चालवते. तरी या दिवसांत मलाही लागण होते. याद्या वाढतात. किराणा, क्लासच्या वेळा, सासूबाईंच्या गोळ्या, गाड्यांचं ऑइल. सगळं खोडून झालं तरी काहीतरी राहिलंय असं वाटत राहतं, आणि मग मी उगाच फडताळ आवरायला काढते.

दोन वर्षांपूर्वीच्या मोहोरात तर घरात एक प्रश्न होता आणि तो कोणी विचारत नव्हतं. सुहास पुन्हा बोटीवर जाणार की आता घरीच राहणार.

सुहास माझा नवरा. आम्ही एका वर्गात होतो, म्हणून अरे-तुरे. सासूबाईंनी सुरुवातीला ते मनाला लावून घेतलं, मग सोडून दिलं. तो मर्चंट नेव्हीत इंजिनिअर. लग्नापासून आमचा संसार तुकड्यातुकड्यांनी झाला. काही महिने तो घरी, त्याहून जास्त महिने पाण्यावर. त्या मोहोराआधीच्या पावसाळ्यात त्याच्या कंपनीने जुनी जहाजं काढून टाकली, करार पुढे वाढला नाही, आणि तो दोन बॅगा घेऊन "आता बस झालं" म्हणत उतारावरून खाली आला. ऐकायला बरं वाटलं. मी त्याच्यासाठी कपाटातला आणखी एक कप्पा रिकामा केला.

दिवाळीपर्यंत त्याने घरातले सगळे नळ आवळले. पंप उघडला, बसवला, पुन्हा उघडला. मिक्सरचा आवाज बरोबर नाही म्हणून मिक्सर उघडला. मग ओटीवर येरझाऱ्या सुरू झाल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत, वळण, परत. डेकवर चालतात तशा. सासूबाई सुपारी कातरत बघत बसायच्या.

"ह्याला कुठेतरी बांधून ठेव गो," त्या मला म्हणाल्या. "आता माझी कळशीसुद्धा उघडून बघेल हा."

मी हसले, पण माझंही बरं चाललेलं नव्हतं. हे घर इतकी वर्षं माझ्या वेळापत्रकावर चाललं होतं. आता चहा टाकायला गेले की चहा झालेला असायचा. मी ठेवलेली किल्ली दुसऱ्या खिळ्यावर असायची. कोणी चुकत नव्हतं, त्यामुळे बोलताही येत नव्हतं. त्याच्या कराराचे महिने मोजायची सवय होती मला. तो गेल्यावर मोजायचे, आणि हे कोणाला सांगत नाही, तो घरी असतानाही मोजायचे. आता मोजायला काही नव्हतं.

आणि मग त्याची नजर माझ्या गाडीवर गेली.

ती गाडी म्हणजे क्लासची जुनी हॅचबॅक. क्लासला नवी घेतली तेव्हा ही विकायची होती. पण क्लासमधला एक जुना विद्यार्थी कोल्हापूरला स्थायिक झाला होता, तो म्हणाला, "मॅडम, एकदा घाटावर ट्रॅकला या." ट्रॅक म्हणजे बंदिस्त डांबरी फेरा. समोरून कोणी येत नाही. म्हैस नाही, एसटी नाही, मधेच दार उघडणारा रिक्षावाला नाही. दिवसभर दुसऱ्यांना सावकाश शिकवणाऱ्या बाईला पहिल्यांदा तिथे कोणी म्हणालं, दाबा. मी दाबलं. त्या दिवसापासून गाडी विकायचा विषय मिटला. मागची सीट काढली, टायर बदलले, डाव्या बाजूचे शिकवण्याचे जादा पेडल काढून टाकले. त्यांची भोकं तशीच आहेत.

थंडीच्या मोसमात तीन-चार वेळा मी आंबा घाट चढून त्या ट्रॅकवर जायची. सुहासला हे फोनवरून माहीत होतं. "सांभाळून," एवढंच म्हणायचा. ते माझं एकटीचं होतं.

त्या ट्रॅकवर उजवीकडे एक लांब वळण आहे. सरळ रस्ता संपतो आणि पूर्ण वेगात ते वळण समोर येतं. तिथे माझ्या गाडीचं नाक हलकं पडायचं. स्टिअरिंग वळवावं आणि गाडी थोडी उशिराने, मनाविरुद्ध, बाहेर-बाहेर जात वळावी. मग ॲक्सिलरेटरवरून पाय उचलावाच लागायचा. दर फेरीला. मला ते वळण पाय न उचलता घ्यायचं होतं. ते मी कुठल्याही यादीत लिहिलं नव्हतं, लिहिण्यासारखं नव्हतंच.

त्यासाठी स्प्लिटर हवा होता. स्प्लिटर म्हणजे पुढच्या बंपरच्या खाली लावलेली आडवी पाटी, वीतभर पुढे आलेली, जमिनीपासून चार-पाच बोटं वर. समोरून येणारी हवा तिच्यावर फुटते. वरची दाबून धरते, खालची पळत सुटते, आणि नाक जमिनीला चिकटून राहतं. सुहासने हे मला क्लासच्या नव्या गाडीतून बाजारात जाताना समजावलं. मी चालवत होते, त्याने खिडकीतून हात बाहेर काढला, तळवा सपाट धरला.

"हे बघ, सपाट. आता बोटं जरा खाली केली की हात खाली ओढला जातो. जरा वर केली की..." त्याचा हात एकदम उडाला.

"हात आत घे रे," मागून सासूबाई म्हणाल्या. "समोरून डंपर येतोय."

कुठला स्प्लिटर घ्यायचा यावर आम्ही पंधरवडाभर वाद घातला. तयार मिळणारी रबरी पट्टी आपटली तर वाकते आणि परत येते. पण तिने वेगात काही फरक पडत नाही, ती गाडीला लावलेली मिशी आहे, असं सुहासचं मत. कार्बन फायबरचा हलका आणि ताठ, पण एका दगडात जाणारा. प्लायवूडचा स्वस्त, भक्कम, जड. चौथा पर्याय मी काढला: दुकानांच्या पाट्यांना वापरतात ते ॲल्युमिनियमचं पॅनल. घासलं तर नवं कापून लावता येतं. माझ्या क्लासची जुनी पाटी न्हाणीमागे पडलेलीच होती. एका दुपारी आम्ही ती बंपरच्या आकाराला कापली आणि स्क्रूने बसवली. अक्षरं वरच्या बाजूला आली. गाडीच्या नाकापुढे ठळक लाल रंगात "खात्रीने शिकवले" एवढं राहिलं होतं.

ते घेऊन आम्ही उतारापर्यंत गेलो.

आता तो उतार सांगायला हवा. आमचं घर, इथल्या बऱ्याच घरांसारखं, रस्त्याच्या खाली आहे. रस्त्यावरून अंगणात यायला चिऱ्यांचा एक आखूड, उभा उतार. साध्या गाडीला काही होत नाही. पण अंगण संपून उतार सुरू होतो त्या कोनात पुढे आलेलं काहीही आधी लागतं. मी पहिल्या गिअरमध्ये हळूच चढवली. कर्र असा आवाज आला, मग कडकन. पाटी मधोमध मोडली. "खात्रीने" एकीकडे आणि "शिकवले" दुसरीकडे.

"एवढीच खात्री?" सुहास म्हणाला.

तिथे माझी चूक अशी झाली की मी क्लासला निघून गेले. संध्याकाळी परत येईपर्यंत त्याने पूर्णगडला फोन केला होता. तिथे खाडीच्या तोंडाशी त्याचा शाळेतला मित्र दत्ता होड्या बांधतो. पूर्वी लाकडाच्या, आता बहुतेक फायबरच्या. मरीन प्लाय, त्यावर फायबरचं कवच, बंपरसकट एकसंध. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं टिकतं ते चिऱ्याला काय भिणार?

गाडी पूर्णगडला टोइंगच्या गाडीवरून गेली. असली अवजारं लावलेली गाडी मी रस्त्यावर चालवत नाही. मी क्लास चालवते, मला तोंड दाखवायचं असतं. गाडी शेडसमोर उतरवली तेव्हा अर्धी वाडी बघायला आली. जाळी विणणाऱ्या बायका हात थांबवून हसत होत्या. शेडमध्ये फायबर चिकटवायच्या रेझिनचा उग्र वास, बाहेर सुकत घातलेल्या बांगड्यांचा, आणि वाऱ्याची झुळूक आली की वरच्या बागेतून मोहोराचा. तीन वास एकमेकांत मिसळत नव्हते. मला तिथे एका जागी उभं राहवेना.

"वैनी, बसा जरा," दत्ता म्हणाला. "तुमचा मालक पन असाच. दोघांच्या पायाला भिंगरी. तुमच्या घरात खुर्च्या हायत का नुसत्या शोभेला?"

"उतारावर घासता कामा नये, दत्ता," सुहास पुन्हा पुन्हा सांगत होता. "बाकी तू बघ."

आणि दत्ताने बघितलं. आठवड्याने आम्ही गाडी आणायला गेलो तेव्हा नवी पाटी पांढरीशुभ्र, गुळगुळीत, आणि पुढची कड सुंदर बाक देऊन वर उचललेली. होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, असते तशी. वाळूवर लागताना आधी टेकू नये, लाट आली की वर चढावी. मी त्या कडेवरून हात फिरवला. खरं सांगते, इतकी देखणी वस्तू माझ्या गाडीला कधी लागली नव्हती. आम्ही सगळे समुद्राकाठची माणसं. पुढे जाणाऱ्या वस्तूचं नाक वर असावं, हे डोळ्यांना लहानपणापासून माहीत. एकालाही वावगं वाटलं नाही. खिडकीतून हात काढून मला शिकवणाऱ्या सुहासलाही नाही.

घरी आलो. उतारावर काहीसुद्धा लागलं नाही. गाडी खाली-वर, खाली-वर करून बघितली. सुहास अंगणात कमरेवर हात ठेवून उभा होता. बोटीवरून आल्यापासून इतका सरळ उभा राहिलेला मी त्याला बघितला नव्हता. त्या संध्याकाळी येरझाऱ्या झाल्या नाहीत. सासूबाईंनी माझ्याकडे बघून भुवई उंचावली, आणि मला वाटलं, राहतोय बहुतेक.

पुढच्या वेळी ट्रॅकवर गेलो, त्या दिवशी शेजारी माणूस बसवायची परवानगी होती. सुहास हेल्मेट घालून डावीकडे बसला. पहिली फेरी हळू. दुसऱ्या फेरीला सरळ रस्त्यावर वेग वाढला तसं स्टिअरिंग माझ्या हातात हलकं होत गेलं. पंखासारखं. पूर्वी नाक हलकं पडायचं, आता ते उडायला बघत होतं. वळण आलं. मी वळवलं. गाडी सरळ. मी पाय उचलला, तरी सरळ. मग डांबर संपलं आणि आम्ही मातीत, धुळीत, गवतात शिरून थांबलो.

कोणाला काही झालं नाही. धूळ खाली बसली. मी बाजूला बघितलं तर सुहासचा उजवा पाय पुढे ताणलेला, रिकाम्या भोकांवर दाबून धरलेला.

"ब्रेक लागेना," तो म्हणाला.

"तुझ्या बाजूला नाही तो. मी काढून टाकलाय."

"आधी सांगायचंस."

आम्ही हसलो. पण गाडी बाजूला आणल्यावर तो समोर उकिडवा बसला आणि त्या वर उचललेल्या कडेकडे बघत राहिला. मग त्याने हात पुढे केला, तळवा सपाट धरला, आणि हळूच बोटं वर केली. बराच वेळ हात तसाच होता. मला काही बोलावं लागलं नाही. बोलावं लागलं असतं तर बरं झालं असतं, असं पुढे वाटलं.

परतताना साखरप्याला चहाला थांबलो. घाटाखाली आल्यावर थंडी कमी होते आणि अंग एकदम सैल पडतं. त्याने बशीत चहा ओतला, प्यायला नाही.

"बोटीवरच्या भरतीच्या एका एजंटचा फोन आला होता," तो म्हणाला. "छोटी कंपनी. जुनं जहाज."

"मग?"

"सांगतो म्हटलंय."

टोइंगवाला बिस्किटं घेत होता. त्याच्या मागे आमची गाडी पांढरं नाक वर करून उभी. पुढचे काही दिवस मी त्या "सांगतो"वर चालले. कपडे वाळत घालताना, मुलांना रिव्हर्स शिकवताना, भाजी निवडताना. विचारलं तर तो विचारणं हा आग्रह समजेल, की जाऊ देतेय असं समजेल? मला स्वतःलाच ठरत नव्हतं. तो गेला तर किल्ली माझ्या खिळ्यावर राहील. हा विचार यायचा आणि त्यामागून लगेच त्याचा तो ताणलेला पाय आठवायचा.

ढग येत होते त्या दिवसांत. बागवाले फवारणीला धावत होते, सड्यावर औषधाचा वास.

पूर्णगडला पुन्हा गेलो. दत्ताने ऐकून घेतलं आणि करवत मागे लपवली.

"होडीचं नाक कापायला सांगता? वैनी, पाप लागेल."

"ती होडी नाही रे बाबा."

"मग माझ्याकडे कशाला आनलात?"

शेवटी सुहासने करवत घेतली. स्वतःच रेघ मारली, स्वतःच कापलं. पांढरा भुगा त्याच्या हाताच्या केसांवर बसत होता. दत्ता पाठ करून उभा राहिला आणि तुकडा खाली पडल्यावर तो उचलून बाजूला ठेवला. "पाट करून देतो ह्याचा," म्हणाला. निघताना त्याने जुन्या होडीच्या दोन लांब फळ्या सुहासच्या हातात दिल्या. "आता तुमचा उतार लागनारच. ह्या घाला खाली."

तिथून खरा स्प्लिटरबरोबरचा संसार सुरू झाला. चुकीचा होता तोवर गाडी घरातून सहज बाहेर पडत होती. बरोबर झाला आणि दोन माणसांशिवाय हलेना. गॅरेजला न्यायची, टोइंगच्या गाडीवर चढवायची, काहीही असो. सुहास आधी अंगणात यायचा, उताराच्या पायथ्याशी दोन फळ्या टाकायचा, पायाने सरकवून चाकांच्या रेषेत आणायचा, मग वर जाऊन उभा राहायचा आणि दोन्ही हातांनी मला बोलवायचा.

"डेड स्लो... डेड स्लो... डावीकडे जरा... ये."

"हे हुकूम कुठून शिकलास?"

"आयुष्यभर कॅप्टनच्या ब्रिजवरून ऐकले. द्यायला पहिल्यांदाच मिळतायत."

मी वर पोचले की तो खाली जायचा, फळ्या उचलायचा, अंगणाच्या दगडी गडग्याला टेकवायचा आणि मग हात झटकत वर यायचा. तोपर्यंत मी इंजिन चालू ठेवून थांबायची. मला थांबणं जमत नाही. बोटं स्टिअरिंगवर वाजत राहायची. आरशात तो दिसायचा; वाकलेला, एक फळी काखेत, दुसरी हातात, सावकाश. इतका सावकाश की मला हॉर्न द्यावासा वाटायचा. एकदा दिला. तो तिथूनच ओरडला, "बंदर सुटत नाहीये तुझं."

सासूबाई ओटीवरून म्हणायच्या, "दोघांची बोट लागली की जेवायला या."

कधी कधी फळी सरकायची आणि खालून कर्र यायचं. तो आवाज दातांत जातो. मग दोघं गाडीखाली डोकं घालून आडवे. ओरखडा कुठे, किती खोल. फायबर निघालं की रेझिन लावायचं, वाळू द्यायचं, घासायचं. स्प्लिटर एकदा लावला की झाला असं होत नाही. त्याला रोज खालून बघावं लागतं. पुढचं नाक धरलं तशी वेगात मागची बाजू सुटायला लागली, म्हणून मागे डिकीवर एक छोटी पट्टी लावावी लागली. एका टोकाला हात लावला की दुसरं टोक बोलतं. आमच्या घरात काय वेगळं चाललं होतं? पण तेव्हा मी असा विचार करत नव्हते. तेव्हा मी त्याच्या फोनकडे बघत होते. तो वाजला की त्याच्याकडे बघायची, तो माझ्याकडे बघायचा, आणि बहुतेक वेळा गॅस सिलिंडरवाला असायचा.

मोसमातला शेवटचा ट्रॅकचा दिवस. शेजारी बसायची परवानगी नव्हती. सुहास भिंतीपलीकडे उभा. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग जड होत गेलं. जितका वेग तितकं जड, कोणीतरी पुढून नाक खाली धरल्यासारखं. वळण आलं. माझ्या पायाने नेहमीप्रमाणे वर यायची तयारी केली. मी त्याला तिथेच ठेवला. गाडी वळली. इतकी साधी वळली की मला पुढच्या सरळ रस्त्यावर कळलं, झालं म्हणून.

आत आल्यावर तो माझ्याकडे आला नाही. आधी वाकून स्प्लिटर खालून बघितला, हात फिरवला.

"उचललास पाय?"

"नाही."

"दिसलं मला," तो म्हणाला आणि तिथेच मातीत बसला. चेहऱ्यावर जे होतं ते मी आमच्या लग्नाच्या फोटोतही बघितलेलं नाही. मला वाटलं आता विचारावं. हीच वेळ. पण टोइंगवाल्याला उजेड असताना घाट उतरायचा होता, मी पट्टे आवळायला लागले. पट्टे आवळणं मला येतं.

त्यानंतर कलमांवर सुपारीएवढ्या कैऱ्या धरल्या. एक दिवस दुपारी क्लासवरून आले तर रस्त्याच्या कडेला रेतीचा ढीग. उताराचे खालचे चिरे उखडलेले. गवंडी दोरी धरून बसलेला आणि दोरीचं दुसरं टोक सुहासच्या हातात.

"वैनी, सायबांनी सांगितलंय," गवंडी म्हणाला. "उतार अंगनात लांबवायचा. गाडीचं नाक लागाया नको."

त्या उताराचं काम माझ्या यादीत कित्येक वर्षं होतं. मी ते करून घेतलं नव्हतं, कारण साध्या गाडीला ते लागत नव्हतं. आणि त्या मोसमात, गाडीला ते लागायला लागल्यावरच, मी ते यादीतून खोडलं होतं; का, ते मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"कधी ठरलं?" मी विचारलं.

"काल. रेती मिळाली म्हणून..."

"उताराचं नाही विचारत."

त्याने दोरी खाली ठेवली नाही. "पुढच्या महिन्यात जॉइन व्हायचंय. सहा महिने. फार तर आठ."

गवंडी चिऱ्याकडे बघायला लागला.

"फळ्या मी लावल्या असत्या," मी म्हणाले.

"माहीत आहे. उतरायचं, लावायच्या, चढवायची, परत उतरायचं. तू ते केलंच असतंस." तो थांबला. "मला तिकडे बसून ते डोळ्यांसमोर आलं असतं."

आधी मला सुटल्यासारखं वाटलं. ते लपवत नाही. माझा खिळा, माझा चहा, माझी वेळ. मग त्या सुटल्यासारखं वाटण्याचा राग आला, मग त्याचा, मग त्या बिचाऱ्या गवंड्याचा. मी म्हणाले, "दोरी ढिली आहे तुझ्याकडची." त्याने ओढून धरली. मी पलीकडे जाऊन बघितली आणि अजून चार बोटं लांब घ्यायला सांगितलं.

"सिमेंट ओलं आहे तोवर कोणी पाय देऊ नका," सासूबाई ओटीवरून म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "ज्याला जायचंय त्याने गडग्यावरून जा."

तो गेला, आठ महिन्यांनी आला, पुन्हा गेला. दोन्ही वेळा मी त्याला हातखंब्याला हायवेपर्यंत सोडलं. आता तो कुठल्याशा बंदराबाहेर नांगर टाकून आहे. फोनवर मागून इंजिनाची घरघर येते आणि तो खुशीत असतो. मी त्याला मोहोराचं सांगितलं. तो म्हणाला, "रेझिन आहे का घरात? मोसम सुरू होण्याआधी खालून एक हात मार." मी म्हणाले, मारला. पण फोन दोघांनीही लगेच ठेवला नाही.

दत्ताने दिलेल्या फळ्या सासूबाईंनी न्हाणीसमोर टाकल्यात, पाय घसरू नये म्हणून.

या मोसमात काल गाडी पहिल्यांदा बाहेर काढली. टोइंगची गाडी वर उभी होती. नवा उतार लांब, सपाट, चोख. खालून एकही आवाज आला नाही. वर पोचले आणि थांबले. इंजिन चालू, आरशात रिकामं अंगण, ऊन, गडगा. बोटं स्टिअरिंगवर वाजत नव्हती.

टोइंगवाल्याने खिडकीपाशी येऊन विचारलं, "मॅडम, खाली राहिलं का काय? आणू?"

"नाही," मी म्हणाले. "थांब जरा."

दोन फळ्या उचलून गडग्याला टेकवायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ थांबले. मग गाडी टोइंगच्या गाडीवर चढवली.